पूर्वपदावर येणे आणि सावरणे : ‘मुंबई मेरी जान’ या चित्रपटातील आघातानुभव

मोठी दुर्घटना घडून गेली की वृत्तपत्रांत एक मथळा हमखास दिसतो : ‘जनजीवन पूर्वपदावर’. गाड्या धावू लागल्या, दुकाने उघडली, कार्यालयांतील उपस्थिती नेहमीसारखी झाली, की हा मथळा देता येतो. ११ जुलै २००६ नंतर मुंबईबाबत तो देण्याजोगी परिस्थिती चोवीस तासांच्या आतच निर्माण झाली. त्या दिवशी सायंकाळी ६ वाजून २४ मिनिटांपासून अवघ्या ११ मिनिटांत पश्चिम रेल्वेच्या सात उपनगरी गाड्यांत स्फोट झाले. सातही स्फोट पहिल्या वर्गाच्या डब्यांत झाले. वांद्रे ते खार रोड आणि खार रोड ते सांताक्रूझ, असे दोन स्फोट एकट्या खार स्थानकाच्या दोन बाजूंना झाले. उरलेले माटुंगा रोड ते माहीम, माहीम, जोगेश्वरी, बोरिवली आणि मीरा रोड ते भाईंदर या ठिकाणी. १८० हून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले, ८०० हून अधिक जखमी झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्या धावत होत्या आणि शेअर बाजाराचा निर्देशांक वर गेला होता. ‘मुंबईचे स्पिरिट’ हा शब्दप्रयोग त्या आठवड्यात जितक्यांदा कानी पडला, तितका तो पूर्वी क्वचितच पडला असेल.

कामावर परत जाणे आणि आघातातून सावरणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे मानसशास्त्राच्या अभ्यासकाला नव्याने सांगण्याची गरज नाही. परंतु लोकव्यवहारात पहिली गोष्ट हा दुसरीचा पुरावा मानला जातो. ज्याचे घर रोजच्या कमाईवर चालते, तो दुसऱ्या दिवशी गाडीत चढतो, याचा अर्थ तो निर्भय झाला असा होत नाही; त्याला घरी बसणे परवडत नाही, एवढाच त्याचा अर्थ होतो. निशिकांत कामत दिग्दर्शित ‘मुंबई मेरी जान’ (२००८) हा हिंदी चित्रपट याच गल्लतीकडे बोट दाखवतो. दिग्दर्शक मराठी, पटकथालेखक योगेश विनायक जोशी आणि संवादलेखक उपेंद्र सिधये हेही मराठी; त्यामुळे भाषा हिंदी असली तरी या कलाकृतीचा विचार मराठी सांस्कृतिक व्यवहाराचा भाग म्हणून करणे गैर ठरणार नाही. मानसिक आघातातून माणूस कसा सावरतो, आणि मुख्य म्हणजे सावरण्याची सोय कोणाला मिळते, या प्रश्नांच्या अनुषंगाने या चित्रपटाची चिकित्सा येथे केली आहे.

कामतांचा त्याआधीचा मराठी चित्रपट ‘डोंबिवली फास्ट’ (२००५) लक्षात घेतल्याशिवाय ही चिकित्सा पुरी होत नाही. त्यातील माधव आपटे (संदीप कुलकर्णी) हा बँकेत नोकरी करणारा, नाकासमोर चालणारा मध्यमवर्गीय गृहस्थ. त्याच्या आयुष्यात कोणतीही एकच मोठी आपत्ती घडलेली नाही. गर्दी, रांगा, लाच, शाळाप्रवेश, पाणी, हिशेबात न बसणारा महिना, असे रोजचे थोडेथोडे साचत जाते आणि एके दिवशी क्रिकेटची बॅट हातात घेऊन तो रस्त्यावर उतरतो. जोएल शुमाकर यांच्या ‘फॉलिंग डाउन’ (१९९३) या अमेरिकी चित्रपटाशी त्याचे साम्य समीक्षकांनी वारंवार दाखविले आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. तथापि, कामतांनी टिपलेला लोकलचा ठेका, ठरलेली वेळ, ठरलेली जागा, ठरलेला फलाट, हा येथलाच आहे. आपटेच्या ताणाला ऐकणारा कोणी नाही. पत्नीला तो चक्रम वाटतो, सहकाऱ्यांना हेकट, आणि पोलिसांना गुन्हेगार. प्रेक्षागृहात त्याच्या बॅटीला टाळ्या पडल्या, ही त्या चित्रपटाची खरी अडचण होय : ज्या कृतीत एका माणसाचे मन मोडून पडत होते, तिच्यात प्रेक्षकाने शौर्य पाहिले. या चित्रपटाच्या ‘एवनो ओरुवन’ (२००७) या तमिळ आवृत्तीत आपटेची भूमिका आर. माधवन यांनी केली. तेच माधवन पुढच्या वर्षी ‘मुंबई मेरी जान’मध्ये निखिल अगरवाल झाले. साचलेल्या ताणाचा नायक आणि एका क्षणी कोसळलेल्या आघाताचा नायक असा हा प्रवास एकाच नटाच्या देहातून झाला, हा योगायोग असेलही; पण तो अर्थपूर्ण आहे.

निखिल हा उच्चपदस्थ नोकरदार. पर्यावरणाची चाड असल्यामुळे मोटार घेण्याचे टाळून लोकलने जाणारा. स्फोटाच्या दिवशी तो नेहमीच्या डब्यात नसतो, म्हणून वाचतो. येथून त्याचे बिघडणे सुरू होते. त्याला झोप लागत नाही, आवाजाने तो दचकतो, फलाटापर्यंत जातो आणि परत फिरतो. अमेरिकेच्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली आपल्या निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत आघातोत्तर ताणविकाराला स्वतंत्र स्थान दिले, तेव्हा त्यामागे प्रामुख्याने व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांचा अनुभव होता. कामतांनी ही सारी लक्षणे गोरेगाव-अंधेरीच्या रोजच्या प्रवाशाच्या अंगी दाखविली आणि त्यात अतिरंजन केले नाही. माधवन यांचा अभिनय येथे विशेष उल्लेखनीय ठरतो. ते रडत नाहीत, ओरडत नाहीत, केवळ एका पायरीवर थांबतात. वाचल्याचा आनंद व्हावा अशी सर्वांची अपेक्षा असताना वाचलेल्या माणसाला अपराधी वाटते, ही गुंतागुंत हिंदी चित्रपटात अशा संयमाने क्वचितच आली असेल.

निखिलला मनोविकारतज्ज्ञाकडे जाता येते. त्याला निदान मिळते, दुखण्याला नाव मिळते, सुटी मिळते आणि समजूतदार पत्नी मिळते. चित्रपटाच्या शेवटाकडे पत्नीच्या प्रसूतीची वेळ येते, रस्ते वाहनांनी तुंबलेले असतात आणि त्याला लोकलच पकडावी लागते. नाट्यदृष्ट्या हा शेवट प्रभावी आहे. उपचाराच्या दृष्टीने मात्र तो सोयीस्कर म्हणावा लागेल. भीतीच्या वस्तूला सामोरे जाणे हा मान्य उपचारमार्ग आहे, हे खरे. परंतु ते सामोरे जाणे टप्प्याटप्प्याने, रुग्णाच्या संमतीने आणि कोणाच्या तरी सोबतीने व्हावयाचे असते. निकडीने गाडीत ढकलला गेलेला मनुष्य बरा झाला असे म्हणणे, म्हणजे ‘पूर्वपदावर’ या मथळ्याचीच चित्रपटीय आवृत्ती होय. ज्या समजुतीला हा चित्रपट दोन तास विरोध करतो, तिला तो या एका प्रसंगात थोडा शरण जातो.

चित्रपटाचा सर्वांत सशक्त भाग रूपाली जोशी (सोहा अली खान) हिचा. ती दूरचित्रवाहिनीची वार्ताहर. शोकग्रस्तांपुढे ध्वनिक्षेपक धरून त्यांना काय वाटते हे विचारणे, हे तिचे रोजचे काम. स्फोटात तिचा वाग्दत्त वर नाहीसा होतो. रुग्णालये, शवागारे, याद्या अशी शोधयात्रा तिला करावी लागते, आणि मग तिचीच वाहिनी तिच्या दुःखाचा कार्यक्रम करू इच्छिते. ‘रूपाली’ आणि ‘रुदाली’ या शब्दांचा यमक जुळवून त्या कार्यक्रमाला शीर्षक दिले जाते, तेव्हा प्रेक्षक अस्वस्थ होतो. कारण असे कार्यक्रम त्यानेही आवडीने पाहिलेले असतात.

येथे जुडिथ हर्मन यांच्या ‘ट्रॉमा अँड रिकव्हरी’ (१९९२) या ग्रंथाची आठवण होणे स्वाभाविक आहे. सावरण्याचे तीन टप्पे त्या सांगतात : सुरक्षितता, स्मरण व शोक, आणि दैनंदिन जीवनाशी पुन्हा नाते जुळणे. यांत दुसऱ्या टप्प्याकडे, म्हणजे घडलेले सांगण्याकडे, सर्वांचे लक्ष लगेच जाते. मनात साठवू नये, बोलून मोकळे व्हावे, हा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो. परंतु पहिला टप्पा ओलांडल्याशिवाय केलेले कथन जखम भरत नाही, ती पुन्हा उघडते. सांगणाऱ्याच्या हाती कथनाचे नियंत्रण असणे हे सांगण्याइतकेच महत्त्वाचे आहे : केव्हा सांगायचे, किती सांगायचे, कोठे थांबायचे. रूपालीच्या हातून नेमके हेच काढून घेतले जाते. तिच्यासमोर प्रकाशझोत आहेत, कॅमेरा आहे, प्रश्न आहेत. ऐकणारे कोणी नाही. कॅमेऱ्यासमोर तिला बोलता येत नाही, ती कोसळते, आणि तिचे हे न बोलू शकणे चित्रपटातील सर्वांत प्रामाणिक विधान ठरते. महाविद्यालयांतून आपत्तीनंतर घाईघाईने भरविल्या जाणाऱ्या ‘मन मोकळे करा’ छापाच्या शिबिरांच्या संयोजकांनी हा भाग अवश्य पाहावा.

थॉमस (इरफान खान) आणि सुरेश (के के मेनन) ही आणखी दोन पात्रे. थॉमस सायकलवरून कॉफी विकणारा दाक्षिणात्य स्थलांतरित. पत्नी आणि मुलीला घेऊन तो मॉलमध्ये जातो, सुगंधाच्या बाटल्या हाताळल्याबद्दल तेथून हाकलला जातो, आणि पुढे बॉम्बच्या खोट्या धमक्यांचे दूरध्वनी करून त्या अपमानाचा सूड घेऊ लागतो. अशाच एका धमकीनंतरच्या धावपळीत एका वृद्धाला हृदयविकाराचा झटका येतो आणि थॉमस अपराधाने खचतो. त्याला संवाद जवळजवळ नाहीतच. इरफान खान यांनी हे मौन ज्या रीतीने पेलले आहे, त्याचे विश्लेषण स्वतंत्र लेखाचा विषय होईल. प्रस्तुत संदर्भात ध्यानात घ्यावयाचे ते एवढेच की, थॉमसचे दुखणे कोणत्याही निदानपुस्तिकेत बसत नाही. शहराच्या आघाताआधीच तो रोज थोडा अपमानित होत आला आहे. स्फोटाने त्याला फक्त शहराच्या भीतीचा वापर करण्याची एक युक्ती दिली. सुरेशचेही तसेच. त्याचे वैफल्य एका मुसलमान तरुणावरील संशयाच्या रूपाने बाहेर येते. या दोघांना डॉक्टरकडे जावे असे सुचतही नाही आणि त्यांना कोणी तसे सुचवतही नाही. निखिलच्या थरथरत्या हाताला आजार म्हटले जाते, थॉमसच्या हाताला गुन्हा. पटकथेने या दोघांना समांतर ठेवले आहे, पण हा वर्गभेद कोणत्याही पात्राच्या तोंडून वदवून घेतला नाही, ही तिची परिपक्वता होय.

मग ऐकतो कोण? निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेला हवालदार तुकाराम पाटील (परेश रावल). नोकरीत काही केले नाही, काही मिळवले नाही, वरिष्ठांपुढे मान तुकवली आणि विनोदावर दिवस काढले, असे हे पात्र. सुरेशला तो भाषण देत नाही, बसवतो आणि त्याच्याशी बोलतो. तरुण सहकारी सुनील कदम (विजय मौर्य) याच्या संतापालाही तोच धरून ठेवतो. समुपदेशन हा शब्द त्याला ठाऊक नसावा. पण समोरच्याचा राग उतरेपर्यंत त्याच्या शेजारी टिकून राहणे, हे त्याला साधलेले आहे. चाळीत, नाक्यावर, देवळाच्या ओट्यावर हे काम करणारी माणसे महाराष्ट्रात पूर्वापार होती आणि आहेत. त्यांच्यावर विसंबून राहण्यातला धोका मात्र चित्रपट पुरेसा दाखवत नाही. पाटील स्वतः पोखरला गेलेला आहे. छत्तीस वर्षे तडजोड केल्यासारखे त्याचे हसणे आहे. दुसऱ्यांचे ऐकणाऱ्याचे कोणी ऐकायचे, हा प्रश्न निवृत्तीच्या प्रसंगी क्षणभर डोकावतो आणि भावुकतेत विरून जातो. पोलीस, परिचारिका, रेल्वेचे कर्मचारी, रुळांवरून जखमींना उचलून नेणारे वस्तीतले रहिवासी, यांच्या मनाचे पुढे काय झाले, हे सांगणारी कलाकृती अद्याप लिहिली जावयाची आहे.

चित्रपटाचा शेवट १८ जुलै २००६ रोजी पाळल्या गेलेल्या दोन मिनिटांच्या स्तब्धतेने होतो. गाडी थांबते, रस्ते थांबतात, पात्रे जेथे असतील तेथे उभी राहतात. आणि मग ‘सी.आय.डी.’ (१९५६) मधील मुंबईवरचे ते सुप्रसिद्ध गीत ऐकू येते. ज्या शहराची ख्याती कधीही न थांबण्याची, ते थांबले, यातच सामूहिक शोकाची सुरुवात आहे, असे कामतांना सुचवायचे असावे. तो विचार मोलाचा आहे. शोकाला वेळ आणि जागा लागते. पूर्वपदाची घाई ती दोन्ही हिरावून घेते. मात्र चित्रपटातली सर्व पात्रे या दोन मिनिटांतच आपापल्या गाठी सोडवून घेतात, असा जो आभास निर्माण होतो, तो वास्तवाला धरून नाही. स्फोटात जखमी होऊन बेशुद्धावस्थेत गेलेल्या एका प्रवाशाचे निधन २०१५ च्या जुलै महिन्यात, म्हणजे नऊ वर्षांनी झाले. त्याच वर्षी विशेष न्यायालयाने १२ आरोपींना दोषी ठरविले. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या सर्वांना निर्दोष मुक्त केले. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल अन्य खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास स्थगिती दिली, मात्र सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात धाडले नाही. आप्त गमावलेल्यांना एकोणीस वर्षांनी हेही सांगता येत नाही की हे कोणी केले. आणि ज्यांची इतकी वर्षे कारागृहात गेली, त्यांच्या मनावरील आघाताला तर कोणत्याही स्मारकदिनी स्थान नाही. हर्मन यांच्या मांडणीत आघाताला समाजाने मान्यता देणे आणि न्याय मिळणे यांना महत्त्वाचे स्थान आहे. त्या निकषावर पाहता ११ जुलैचे स्मरण अजून दुसऱ्या टप्प्यावरच अडलेले आहे.

मराठीत मनोविकारांवर सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी सातत्याने काम केले. ‘देवराई’ (२००४) हा छिन्नमनस्कतेवरचा चित्रपट आणि ‘कासव’ (२०१७) हा नैराश्यावरचा. मनोविकारतज्ज्ञ असलेल्या मोहन आगाशे यांची निर्मिती लाभलेल्या ‘कासव’ला ६४ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळ मिळाले. जीव नकोसा झालेला तरुण मानव (आलोक राजवाडे) आणि स्वतः नैराश्यातून गेलेली जानकी (इरावती हर्षे) यांची ती कथा कोकणच्या किनाऱ्यावर, कासवांच्या अंड्यांच्या राखणीच्या पार्श्वभूमीवर घडते. कोणी प्रश्न विचारत नाही, कोणी घाई करत नाही. ‘मुंबई मेरी जान’मध्ये ज्याची उणीव भासते ती सवड ‘कासव’मध्ये आहे. परंतु ती सवड मिळण्यासाठी जानकीचे समुद्राकाठचे घर लागते, हेही नमूद केले पाहिजे. शहरातून बाहेर पडून सावरता येणे ही एक मिळकत आहे, आणि ती मोजक्यांपाशी असते.

समुद्र तर खारलाही आहे. ज्या स्थानकाच्या दोन बाजूंना स्फोट झाले, त्याच्या पश्चिमेला, कार्टर रोड आणि जुहू यांच्या मधल्या किनाऱ्यावर खारदांड्याचा कोळीवाडा आहे. येथला समुद्र विसाव्याचा नाही, कामाचा आहे. ११ जुलै ही तारीख पावसाळी मासेमारीबंदीत येते. होड्या किनाऱ्याला ओढलेल्या असतात आणि घरे मागच्या मिळकतीवर चालत असतात. पश्चिम रेल्वेवर कोळणी वर्षानुवर्षे माशांच्या टोपल्या घेऊन प्रवास करीत आल्या, पण लगेजच्या डब्यातून. कामतांच्या चित्रपटाचे लक्ष पहिल्या वर्गापासून कॉफीच्या सायकलीपर्यंत जाते. लगेजच्या डब्यापर्यंत पोचत नाही. हा आक्षेप केवळ प्रतिनिधित्वाचा नाही. समुद्रावर गेलेला माणूस न परतणे, हा आघात कोळीवाड्याला पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. आणि तरीही नारळी पौर्णिमेला सारा वाडा मिळून, वाजतगाजत, नारळ अर्पून त्याच समुद्राशी पुन्हा व्यवहार सुरू करतो. भयाच्या ठिकाणी एकट्याने न जाता सर्वांनी मिळून जाणे, त्यासाठी एक दिवस राखून ठेवणे, आणि त्याआधी सक्तीची का होईना पण विश्रांती असणे, ही रचना निखिलच्या एकाकी गाडीप्रवासापेक्षा उपचाराच्या तत्त्वाशी अधिक जुळते.

या परंपरेचे गोडवे गाण्यात मात्र अर्थ नाही. नारळ अर्पण केल्याने विधवेच्या घरचे कर्ज फिटत नाही. २६ नोव्हेंबर २००८ रोजी हल्लेखोर कफ परेडच्या मच्छीमार वस्तीजवळ उतरले, त्यांना प्रथम पाहिले ते तेथल्या कोळ्यांनी. आणि त्यानंतर ओळखपत्रांची तपासणी मागे लागली तीही किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्याच. कमी होत चाललेली मासळी आणि किनाऱ्यालगत उभे राहणारे सागरी सेतू यांचा ताण ‘डोंबिवली फास्ट’मधल्या ताणासारखा रोज थोडाथोडा साचणारा आहे. वांद्रे-वर्सोवा सेतूच्या कामाविषयी दांड्यासह या पट्ट्यातील कोळीवाड्यांनी हरकती घेतल्या, त्या होड्यांच्या वाटांविषयी आणि मासळीविषयी होत्या. त्या हरकतींखाली झोप उडालेली घरे आहेत, हे नोंदविण्यासाठी सरकारी अर्जात रकाना नसतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने प्रत्येक नागरिकाला शासकीय खर्चाने चालणाऱ्या मानसोपचाराचा हक्क दिला आहे. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनीनेही साहाय्य मिळते. पहाटे बाजार गाठणाऱ्या आणि दुपारी उन्हात पाटी पुढे घेऊन बसणाऱ्या कोळणीला तो क्रमांक फिरवायचा झाला, तर पलीकडून तिच्या बोलीत, तिच्या सवडीच्या वेळी कोण उत्तर देईल, हे तुकाराम पाटलाच्या पात्राने विचारलेल्या प्रश्नाचेच पुढचे रूप आहे.